बेस भरले की भूक

बेसबॉलच्या सामन्यात तिन्ही बेसवर आपले खेळाडू धावेसाठी उभे होते, आणि वर्ना मात्र स्टेडियमच्या जिन्याखाली हॉटडॉगच्या रांगेत होती. तिच्यापुढे एक म्हातारा आणि त्याची मुलगी.

"होल्ट आलाय ना बॅटिंगला? मग संपलं. दडपण आलं की त्याचे हातपाय गळतात."

"बाबा, सगळ्या वर्षांचे आकडे काढलेत मी. एरवी जेवढी सरासरी, तेवढीच दडपणातही आहे त्याची."

"तुझे आकडे राहू देत. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"कधी?"

"त्या फायनलला. एक फटका हवा होता, तर हा बॅट न हलवता नुसता उभा."

"ते एकदा झालं. त्यानंतर?"

"त्यानंतर काय?"

"त्यानंतर बेस भरलेले असताना त्याला कधी बघितलंत? तेव्हा नेमकी तुम्हाला भूक लागते."

म्हाताऱ्याने काउंटरवरची मस्टर्डची बाटली सरळ केली.

"तुझी आई होती तेव्हा ती बघायची. मग येऊन सांगायची मला."

"आज आपण बघू. चला."

"अगं, नंबर जाईल आपला."

"जा तुम्ही," मागून वर्ना म्हणाली. "जागा मी धरते. आणि काय झालं ते येऊन सांगा."