राकेशची रजा

मला वाटायचं, परदेशातून कायदा शिकून आल्यावर निदान घरच्यांवरचा अन्याय तरी मी झटक्यात मिटवीन. झालं भलतंच.

माझा धाकटा भाऊ राकेश फौजेत आहे. त्याची बायको सायली बाळंतपणासाठी जुईनगरच्या दवाखान्यात, आणि सुभेदाराने त्याची मंजूर रजा रद्द करून आपल्या मर्जीतल्या माणसाला रजेवर सोडलं. मी पेटले. राकेशचं नाव घालून इंटरनेटवर जळजळीत पोस्ट टाकली. ती भराभर पसरली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, कोनी सांगितलं होतं तुला? पलटनीचा दरबार भरतो तेवा जवान सगल्यांसमोर कर्नलसाहेबांना विचारू शकतो. मी विचारनार होतो. आता साहेब रजेचं सोडून तुझ्या पोस्टचं विचारतात."

"अरे, तुझ्यासाठीच लढतेय मी!"

"बरं. सायलीपाशी कोन हाय?"

"शेजारच्या काकू."

"आनि तू?"

"मला ऑफिस आहे ना."

"मग तुझी रजा कोनी नाकारली?"

मी ती मागितलीच नव्हती. त्या क्षणी मला तोंड लपवावंसं वाटलं.

सकाळी उठून आधी पोस्ट काढली. मग दवाखान्यात राहायचं ठरवून, चाचरतच मॅनेजरना फोन लावून रजा मागितली. ते म्हणाले, "घे की, त्यात विचारायचं काय?"