तीन हाका

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका, माझ्या शेजारी बसून आत्तापासूनच घड्याळाकडे बघणारे आरोग्य केंद्राचे डॉक्टरसाहेब, सर्व शिक्षकवृंद, वस्तीतल्या आयाबाया आणि बापमंडळी, पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेली चिल्लीपिल्ली, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या समुपदेशक बाई. ‘माझी स्तुती केलीत तर उठून जाईन’ अशी तंबी त्यांनी मला मघाशी जिन्यातच दिली आहे. बाई, बसून राहा. स्तुती करण्याइतकं मला बोलता येत नाही. मी डब्यांची झाकणं ठोकणारा माणूस. पहिली प्रेस जुनी घेतली तेव्हा तिच्याच खाली पथारी टाकून झोपायचो. आज चोवीस प्रेस आहेत आणि झोपायला पलंग आहे. झोप मात्र तेव्हाच बरी लागायची.

बाईंची आणि माझी ओळख कशी झाली? मी भांडायला गेलो होतो. चार वर्षांपूर्वी मुकादम माझ्या केबिनमध्ये आला आणि म्हणाला, “मालक, शाळेत नव्या बाई आल्यात. पोरांकडनं भुताच्या गोष्टी सांगून घेतात. पोरं घरी येतात आणि आईबापाकडं टक लावून बघत बसतात. बायका घाबरल्यात.”

मी तडक शाळेत आलो. म्हटलं, “बाई, या पोरांच्या पोटात धड अन्न नाही, त्यांना भुतं कशाला देता? बेरीज-वजाबाकी शिकवा.”

बाई म्हणाल्या, “मी काही देत नाही. त्यांच्याकडे आहेत, ती ते मला दाखवतात. बसा, ऐका. पण मधे बोलायचं नाही. जमेल?”

“जमणार नाही, पण बसतो,” असं म्हणून मी त्या लहान बाकावर कसाबसा मावलो. हसू नका, बाक अजून शाबूत आहे.

आठेक वर्षांची एक मुलगी उभी राहिली. तिला सगळे मुंगी म्हणायचे, कारण शाळेतलं जेवण ती खिशात भरून घरी न्यायची. मोबाइलवरच्या सिनेमातले झॉम्बी सगळ्या पोरांनी पाहिलेले. पण मुंगी ते मानत नव्हती. ती म्हणाली, “सिनेमातलं मढं चावतं. ते खोटं असतं. खरं मढं चावत नाही. खरं मढं कामावर जातं.”

“मग ओळखायचं कसं?” एका पोराने विचारलं.

“दिवसा झोपतं. झोपेतपण त्याचा उजवा पाय चालू असतो. मागे उभं राहून तीन हाका मारायच्या. जिवंत माणूस पहिल्या हाकेला वळतं. मढं तिसऱ्या हाकेलाही वळत नाही. आणि त्याच्या हातचं खायचं नाही. खाल्लं की आपणपण मढं.”

मंडळी, वर्गात तीस पोरं होती. एकही हसलं नाही. काही तर माना डोलावत होती, हिशोब बरोबर आल्यासारखी.

पोरं गेल्यावर बाईंनी मला सांगितलं. मुंगीची आई माझ्याच कारखान्यात, रात्रपाळीला, पाच नंबरच्या प्रेसवर. वडील कामासाठी परगावी गेले ते गेलेच. एक खोली, आणि अडीच वर्षांचा भाऊ. एकोणीस दिवस त्या मुलीने आईच्या हातचा घास घेतला नव्हता आणि भावालाही घेऊ देत नव्हती. दोघं तिच्या खिशातल्या अन्नावर जगत होती. भाऊ आता रडायचासुद्धा थांबला होता. “तिला वाटतं, आई मेली आहे,” बाई म्हणाल्या. “खरंच वाटतं. हे हट्टाचं काम नाही. घाई करू नका.”

घाई करू नका, हे मला? मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी गल्लीत गेलो. रात्रपाळीच्या वस्तीतली दुपार तुम्हाला ठाऊक आहे. दारं लोटलेली, आत माणसं झोपलेली, आणि “आवाज करू नका रे” हे ऐकत वाढलेली पोरं बाहेर भिंतीला टेकून बसलेली. शंभर पोरांची गल्ली, पण पाखराचा पंख फडफडला तरी ऐकू यावा. मुंगीची आई नळावर पाठमोरी भांडी घासत होती. मुंगीला मी पुढे घेतलं. मागे पोरांचं लेंढार. मी ऐटीत म्हटलं, “बघ हं. आता तुझी आई वळते.”

आणि हाक मारली, “अहो, मुंगीच्या आई!”

भांड्यावरचा हात थांबला नाही.

दुसरी हाक जरा मोठ्याने मारली. तिसरी तर अशी मारली की कोपऱ्यावरचं कुत्रं उठून उभं राहिलं. ती वळली नाही.

पोरं किंचाळली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग एकेक पोर निघालं आणि आपापल्या घराकडे गेलं. आणि थोड्या वेळाने त्या गल्लीत लोटलेल्या दारांमागून हळू आवाजात हाका सुरू झाल्या. आई. आई. आई. मग शांतता. मग पुढच्या दारातून, आई. आई. आई. शांतता. मी गल्लीच्या मधोमध उभा होतो. निघता येईना. मी मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी अकरा मुलांनी घरचं अन्न सोडलं.

बाई मला काय बोलल्या ते इथे सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगतो: “तिच्या एका घरात होतं ते तुम्ही गल्लीभर नेऊन ठेवलंत.”

डॉक्टरसाहेबांनी तपासणी केली. रात्रपाळीच्या चोवीस बायकांपैकी सतरा जणींना नीट ऐकू येत नव्हतं. प्रेसचा दणका असा की त्या कानात मशीन पुसायच्या सुताचे बोळे कोंबून बसायच्या, तरी कान गेलेच. मी काचेच्या केबिनमध्ये बसून कुठल्या प्रेसचा साचा बोथट झालाय ते आवाजावरून सांगायचो आणि त्यावर शाबासकी घ्यायचो. मुंगीच्या आईला समोर बसवून विचारलं, “अगं, सांगायचं नाही का?”

ती म्हणाली, “सांगितलं असतं तर प्रेसवरनं उठवलं असतंत.” मग म्हणाली, “आणि मला कुठं कळलं कान गेले ते? मला वाटलं, पोरगी माझ्याशी बोलायची बंद झाली.”

मला हायसं वाटलं. कारण सापडलं ना! मी बाईंना म्हटलं, आता पोरांना सांगून टाका, तुमच्या आया बहिऱ्या आहेत, मेलेल्या नाहीत. बाईंनी सांगितलं. मुंगीने ऐकून घेतलं आणि विचारलं, “बहिऱ्या माणसाचा पाय झोपेत चालतो का?”

डॉक्टरसाहेब, तुम्ही तेव्हा खिडकीबाहेर बघत होतात. मीही.

मग बाईंनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी गोष्ट खोटी पाडली नाही. त्या पोरांमध्ये बसल्या आणि म्हणाल्या, “मढं परत माणूस होतं का गं?”

या गोष्टीला तेवढा नियमच नव्हता. मुंगी म्हणाली, “कुणी करून बघितलं नाही.”

“कुणी बघायचं?”

ती म्हणाली, “मी बघते. पण तुम्ही दारात थांबा. पळायचं नाही.”

आम्ही दोघं दारात थांबलो. आत चटईवर आई झोपलेली, भिंतीशी भाऊ उघडे डोळे घेऊन पडलेला. आणि आईचा उजवा पाय चालू होता. खाली, वर. खाली, वर. पायाखालची पट्टी दाबायची, साचा पडतो, झाकण सुटतं. एका पाळीत सहा-सात हजार वेळा. त्या खोलीत आवाज नव्हता, पण मला प्रत्येक दणका ऐकू येत होता.

मुंगी जवळ गेली. तिने दोन्ही हात त्या पायावर ठेवले. पाय थांबला नाही. तिच्या हातांसकट वर-खाली होत राहिला. तिने सगळं अंग त्यावर टाकलं, आणि मग हळूहळू तो थांबला.

पाय थांबला तशी आई ताडकन उठून बसली. डोळे मिटलेलेच. आणि म्हणाली, “थांबले नाही मुकादम, थांबले नाही.”

मंडळी, बाईंनी माझा दंड धरला. मी पळू नये म्हणून धरला असावा. पण मुंगी हलली नाही. तिने पाय धरूनच ठेवला. आईने डोळे उघडले, समोर पोरगी दिसली, आणि तिने विचारलं, “जेवलीस का गं?”

मुंगीने नाही म्हणून मान हलवली. आईने भांडं ओढलं, घास केला. मुंगीने भावाला हाताने मागे सारलं. घास आधी स्वतः खाल्ला. आपले हात बघितले, पाय बघितले. थोडा वेळ वाट पाहिली. मग दुसरा घास भावाला दिला.

आठ वर्षांचं पोर! आपल्यापैकी कोणी असा घास खाल्ला असता?

पुढे त्या अकरा मुलांनीही घरचा घास घेतला, प्रेसखाली रबर आलं, कानांवर झाकणं आली, रात्रपाळी आठवड्याआड झाली, पाय मोकळे करायला मधली सुट्टी आली. ही फुशारकी नाही, उशिरा सुचलेलं शहाणपण आहे. बाईंनी चार वर्षं या शाळेत अशा दीडशेवर गोष्टी ऐकल्या, आणि त्यांच्या जागी दुसरं कोणी येणार नाही असं कालच कळवण्यात आलंय. म्हणे वस्तीतली मुलं आता ठीक आहेत. कोणी विचारलं त्यांना?

मी विचारलं होतं, मागच्या महिन्यात. मुंगी आता बारा वर्षांची आहे, उंच झाली आहे. मी गमतीने म्हटलं, “काय गं, तुझ्या त्या गोष्टीत मी कोण? मीपण मढं का?”

“छे!” ती म्हणाली. “तुम्ही जिवंत. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा तुम्ही वाजवता ना? तो वाजला की सगळी मढी उठून चालायला लागतात.” आणि मैत्रिणीकडे पळाली.

मी बाईंना म्हटलं, हे काही बरोबर नाही, तिची समजूत घाला. बाई म्हणाल्या, “तिची गोष्ट दुरुस्त करायला जाऊ नका. भोंग्याचं काय करायचं ते बघा.” मी अजून बघतोच आहे.

असो. या समारंभासाठी राबलेल्या शिक्षकांचे, खुर्च्या मांडणाऱ्या मंडळींचे आणि माझं एवढं लांबलेलं ऐकून घेणाऱ्या अध्यक्षांचे आभार. बाई, तुमचं ऋण बोलून फिटणारं नाही, म्हणून बोलत नाही. काही कमी-जास्त निघून गेलं असेल तर व्यासपीठाने पोटात घालावं.

पण मागच्या रांगांत माझ्या कारखान्यातल्या सतरा जणी बसल्या आहेत. मी इतका वेळ काय बोललो ते त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. बाकीचे टाळ्या वाजवतात म्हणून त्याही वाजवतायत. त्यांची माफी माईकवरून मागता येत नाही. समोर बसून, तोंड दिसेल असं, एकेकीशी सावकाश बोलावं लागतं. अध्यक्षांची परवानगी असेल तर माईक इथेच ठेवतो आणि खाली जातो. वेळ लागेल. तुम्ही तोवर चहा घ्या.