सोनाबाईने नागूच्या घोट्याला पाय लावल्याबाबत

कर्जत पोलीस ठाणे, ता. ८ जानेवारी १९४७. जबाब.

नाव हरी विष्णू उकिडवे, वय ४७, धंदा शाळेत संस्कृत शिकवणे व फावल्या वेळी मुंबईच्या एका वर्तमानपत्रास तालुक्याच्या बातम्या पाठवणे, राहणार कर्जत.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, पोशीर येथील सोनाबाई हिने लाथ मारून नागू आबाजी, वय २०, याच्या घोट्याची शीर तोडली, अशी फिर्याद नागूचा मामा हिरामण याने दिली आहे. त्या कामी मला जे प्रत्यक्ष ठाऊक आहे ते खालीलप्रमाणे.

सोनाबाई पायाळू आहे, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. असे माणूस दुखऱ्या पाठीला पाय लावते व उसण जाते, असा या भागात समज आहे. हा जबाब लिहून घेणाऱ्या जमादारसाहेबांची कमरही त्यास अपवाद नाही. हे वाक्य त्यांच्या परवानगीने ठेवले आहे. मी 'पादप्रहार' असे सांगितले होते, ते मात्र काढून त्यांनी 'लाथ' घातले.

नागू माझा जुना विद्यार्थी. अलिबागला दोन जानेवारीस पोलीस भरती होती, तिचा अर्ज मीच लिहून दिला होता. नाताळच्या सुट्टीत मी नेरळास बहिणीकडे उतरलो होतो. ता. २२ डिसेंबर रोजी सकाळी नागू पोशीरच्या शिवारात पळण्याचा सराव करत होता व मी घड्याळ धरून उभा होतो. माझे घड्याळ मागे पडते, त्यामुळे नागू स्वतःच्या समजुतीपेक्षा थोडा हळू पळत असे. हे मी त्यास सांगितले नव्हते.

भात कापून झाले होते, बांध वाळला होता. एका ढेकळावर त्याचा उजवा पाय आत मुडपला. कट् असा आवाज मला लांबून ऐकू आला. सोनाबाई तेव्हा शिवारात नव्हती. थोड्याच वेळात घोट्याच्या बाहेरच्या अंगास लिंबाएवढी सूज आली, सायंकाळी तिथे निळे पडले.

आम्ही त्याला बैलगाडीतून नेरळास डॉ. टिपणीस यांच्याकडे नेले. डॉक्टरांनी घोट्याची हाडे कडेकडेने अंगठ्याने दाबून पाहिली व चार पावले टाकायला लावली. नागूने ती ओठ चावत टाकली.

"हाड शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "हाडांना धरणारा बंध नुसता ताणलाय की तुटलाय, ते आज सांगता यायचं नाही. आज कुठंही बोट ठेवलं तरी हा ओरडणार. पाचव्या दिवशी सूज उतरली की आणा, मग टाच धरून बघतो. तोवर पट्टा, गार पाण्याच्या घड्या, पाय उशीवर. चोळायचं नाही."

"सायेब, भरती दोन तारखेला हाय."

"भरती परत निघेल रे. बंध तुटला असला तरी पट्टा बांधून, हळूहळू चालवून दीड-दोन महिन्यांत पाय बरा करू. पण आधी मला बघायला तर हवा."

नागूने माझ्याकडे पाहिले. मी डॉक्टरांकडे पाहिले.

ता. २४ रोजी नागूच्या आईने, चंद्राबाईने, सोनाबाईस घरी आणले. मी ओसरीवर होतो. सोनाबाई तयार नव्हती. "कंबर असंल, पाठ असंल, लावते. पायाला पाय मी कंदी लावला नाय गं."

"मावशे, लाव की," नागू म्हणाला. "पळायचंय मला."

हिरामणही म्हणाला, "लाव गं म्हातारे, भाव नको खाऊ." हे त्याच्या फिर्यादीत आलेले दिसत नाही.

सोनाबाईने डावा पाय घोट्यास टेकवला. झोपलेल्या मुलाला पांघरूण लागावे, इतकाच लागला. यास लाथ म्हणावयाचे झाल्यास मी रोज वर्गात याहून मोठे गुन्हे करतो. नंतर नागू उठला व अंगणात फिरला. बायका हसू-रडू लागल्या. तिसऱ्या दिवशी ठणका आपोआपही कमी होतो, असे डॉक्टर सांगतात, पण डॉक्टर तिथे नव्हते.

त्यावर चंद्राबाईने आंबेहळदीचा जाड लेप दिला. पाचव्या दिवशी मी नागूस डॉक्टरांकडे नेले तेव्हा पाय लेपाखाली होता. डॉक्टर म्हणाले, "धुवा हे." चंद्राबाई म्हणाली, "त्या जागंवर सोनाबाईचा पाय पडलाय. लेप आपसूक सुटंल तवा सुटंल. पोरगा चालतोय की वो!" मी दोनदा समजावले. तिसऱ्यांदा समजावले नाही. पाय न पाहताच आम्ही परतलो.

अलिबागेस मी गेलो नव्हतो. नागू सांगतो की पहिला फेरा बरा गेला, दुसऱ्यात वळणावर तोच पाय मुडपला. त्यास उचलून आणले. परत आल्यावर डॉक्टरांकडे लेप धुतला गेला. डॉक्टरांनी टाच धरून पुढे ओढली तेव्हा पाऊल जागेवरून सरकलेले मी पाहिले. बंध पहिल्याच दिवशी बांधावर तुटला होता व पळण्याने उरलासुरलाही गेला, असे त्यांचे मत आहे. नागू चालेल, पण उंचसखल जमिनीवर पाय दगा देत राहील. भरतीचे नाव त्याने पुन्हा काढलेले नाही.

हिरामणने मला विचारले, "मास्तर, तुमी शिकलेले. तिच्या पायानं मानूस बरा हुतो का मोडतो, एक काय ते सांगा." मी म्हणालो, दोन्ही नाही. तो म्हणाला, "मंग पाय काय म्हशीनं मोडला?"

काल मी सोनाबाईस धीर द्यायला तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, "मीच मोडला, मास्तर. ठान्यात तसंच सांगनार हाय." मी सूज, आवाज, तारखा सर्व समजावले. तिने ऐकून घेतले व म्हणाली, "उबा माज्या पायानं राह्यला, तर पडला बी माज्याच." ती असे का म्हणते ते मला उमगलेले नाही. तिच्या कबुलीवर विसंबू नये, इतके माझे सांगणे आहे. तिच्या पायाने नागूचे काहीही झालेले नाही.

वरील मजकूर जमादारसाहेबांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला, मी सांगितला तसाच आहे. वाचन चालू असता सोनाबाई बाहेर पायरीवर बसली होती. शेवटचे वाक्य ऐकून तिने आत पाहून विचारले, "मंग मास्तर, इतकी वर्सं लोकं कशानं बरी झाली?" तिचा प्रश्न माझ्या विनंतीवरून इथे उतरवला आहे. तोही मला वाचून दाखवला. तोही बरोबर आहे.

सही
हरी विष्णू उकिडवे