गाण्यातला दम

न्यू ऑर्लिन्समध्ये अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्यांच्या कचेरीत मी नंबराची वाट बघत होतो. शेजारी परवा वारलेल्या अल्सीड नावाच्या गायकाची बहीण आणि बायको बसल्या होत्या.

“वहिनी, चर्चमध्ये त्या सिनेमाच्या अल्बममधलं दादाचं गाणं लावू या.”

“नको, वन्सं.”

“अहो, एवढ्या नामवंतांनी जुनी जॅझ गाणी गायलीत, त्यात एक आपल्या दादाचं आहे. त्याचं दुसरं रेकॉर्डिंग तरी कुठे आहे?”

“नीट ऐकलंत कधी?”

“रोज ऐकते.”

“शब्द सगळे त्याचेच आहेत. पण दोन ओळींमध्ये तो दम घ्यायला थांबायचा ना, ते सगळं कापून टाकलंय. घासूनपुसून गुळगुळीत केलंय. हे शेवटचे महिने मी उशाशी बसून त्याचा तो दमच ऐकत होते.”

“मग काय लावायचं?”

“काही लावायचं नाही. त्याच्या बँडला तेच गाणं वाजवू द्या. गायला कोणी नको. तो दम घ्यायचा तिथे त्यांनी थांबायचं.”

“पण किती थांबायचं, हे त्यांना कसं कळणार?”

“जन्मभर दुसरं काय केलंय त्यांनी?”