परत कोण गेलं?

(चोपड्याजवळची मराठी प्राथमिक शाळा, पेडणे तालुका. १९८७चा ऑगस्ट. शाळा सुटली आहे. ऑफिसात मुख्याध्यापक पांडुरंग सर आणि चौथीच्या वर्षाबाई.)

पांडुरंग : म्हणजे तुम्ही मागच्या बाकावर गप्प बसलात आणि पोरं बोलत राहिली?

वर्षा : हो सर. पाऊण तास.

पांडुरंग : आणि कोकणीत.

वर्षा : सुरुवात मराठीतच झाली होती.

पांडुरंग : सदाशिवराव आत्ताच तणतणत गेले. म्हणे, पोराला मराठी शाळेत घातलं आणि वाचनाच्या तासाला इथं कोकणीचा बाजार! काय सांगू मी त्यांना? फेब्रुवारीत कोकणीला राजभाषा करणारा कायदा झाला, मे महिन्यात गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. मराठीसाठी मोर्चात पणजीपर्यंत चालत गेलेला माणूस मी!

वर्षा : काय झालं ते आधी ऐका. पटलं नाही तर उद्या बाकं पुन्हा ओळीत लावते.

पांडुरंग : बोला.

वर्षा : म्हापशाच्या शिक्षक-शिबिरात दाखवलं होतं, तसे पाच-पाच जणांचे गट केले. एकानं वाचायचं, एकानं अडलेले शब्द शोधायचे, दोघांनी चित्र काढायचं आणि एकानं नुसते प्रश्न विचारायचे. उत्तर पुस्तकात सापडेल असा प्रश्न चालणार नाही. धडा घेतला नावाड्याचा.

पांडुरंग : पुराचा ना? तोंडपाठ आहे. होडीत जागा आठांची, माणसं नावाडी धरून नऊ. नावाडी वल्हं दुसऱ्याच्या हाती देतो नि स्वतः काठावर राहतो. आठही जण सुखरूप पोचतात. थोर त्याग!

वर्षा : सगळ्या गटांत तेच चाललं होतं. त्याग, धैर्य, परोपकार. एका गटात प्रश्न विचारायचं काम देवकीकडे होतं.

पांडुरंग : होडीवाल्या गुरुदासची? तिला काही विचारलं की ती पायाच्या अंगठ्याकडे बघते.

वर्षा : तीच. बराच वेळ पुस्तकाकडे बघत बसली. मग म्हणाली, "पण तेका हाडूंक परत कोण गेलो?"

पांडुरंग : कुणाला आणायला?

वर्षा : नावाड्याला, सर. होडी त्या आठांकडेच होती ना? ते पलीकडे पोचले. मग त्याच्यासाठी परत कोण गेलं?

पांडुरंग : ...असेल की. धड्यात असेल कुठेतरी.

वर्षा : तिच्या गटात वाचणाऱ्या बाबलीनं ओळींवर बोट फिरवत धडा पुन्हा वाचला. नाही. पान उलटलं, तर पुढे दुसराच धडा. सहा वर्षं शिकवतेय मी तो धडा.

पांडुरंग : मी तेवीस.

वर्षा : मग चारही गट एक झाले. ती बेळगावच्या गवंड्याची भाग्यलक्ष्मी म्हणाली, "त्यांना वल्हवायला येत नसंल." बाबली म्हणतो, "मग पोचले कसे?" कुणी म्हणालं घाबरले, कुणी म्हणालं विसरले. तेव्हा देवकी उभी राहिली. आपणहून.

पांडुरंग : आणि?

वर्षा : म्हणाली, तिचा बाप रोज तिन्हीसांजेला शेवटची माणसं इकडे उतरवली की रिकामी होडी घेऊन आणखी एकदा पलीकडच्या काठाला, शिवोलीला जाऊन येतो. कुणी मागे राहिलं असेल म्हणून. बहुतेक कुणीच नसतं. लोक हसतात, आई बडबडते. तरी जातो.

पांडुरंग : रोज?

वर्षा : रोज. हे सगळं ती कोकणीत बोलली, सर. मला थांबवावंसं वाटलंच नाही. मग मुलं आपणहून धड्याचा पुढचा भाग लिहायला बसली. मराठीत. या बघा वह्या. वीस वह्या, आणि वीस निरनिराळी माणसं नावाड्याला आणायला परत गेलीत.

पांडुरंग : ...बाई, बसा जरा.

वर्षा : काय झालं, सर?

पांडुरंग : आठ वर्षं झाली. मी म्हापशाला होतो, आईची शेवटची घटका आली म्हणून निरोप आला. धावतपळत तिन्हीसांजेला शिवोलीला पोचलो, तर फेरीबोट बिघडलेली. होड्याही गेलेल्या. धक्क्यावर चिटपाखरू नाही. पलीकडे गाव दिसतंय, जाता येत नाही. रडकुंडीला आलो होतो. तेवढ्यात पाण्यावरून हाक आली, "कोण आसा रे थंय?" जीव खाऊन ओरडलो, "हांव आसां!"

वर्षा : कोकणीत?

पांडुरंग : तेव्हा दुसरं काय तोंडात येणार, बाई? गुरुदासनं पोचवलं. आईनं मला ओळखलं, हात धरला नि मग गेली. मी आजवर समजत होतो, होडी नशिबानं आली.

वर्षा : ...बाकं ओळीत लावू, सर?

पांडुरंग : असू देत तशीच. सदाशिवरावांना या वह्या मी दाखवतो. आणि देवकीला सांगा...

वर्षा : काय सांगू?

पांडुरंग : नको. उद्या मीच सांगतो. तिच्या बापाची एक फेरी रिकामी आली नव्हती म्हणून.