सहाला उघडणारं फाटक

आदरणीय अध्यक्ष अंबिकाताई, मंचावरचे मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती जयसिंगरावजी आणि तलावावर रोज फिरायला येणारे आपण सारे,

बाग जयसिंगरावजींकडे, पाणी माझ्याकडे. तलावाच्या एकाच बांधावर आम्ही बावीस वर्षं काढली. अर्ध्या शहराला पाणी मी सोडायचो, आणि सकाळी रामराम कुणाला? त्यांना. गुलाबाचं कौतुक होतं हो, व्हॉल्व्हचं कोण करतं? खरं सांगतो, मी जळायचो.

मिल बंद पडली त्या साली काही कामगारांनी घरी सांगितलंच नाही. पहिल्या पाळीच्या वेळेला डबा घेऊन निघायचे ते थेट इथे. उद्यान उघडायचं नऊला, पण जयसिंगरावजी सहालाच फाटक उघडायचे. मी म्हटलं, "भिया, नियम काय आहे?" ते म्हणाले, "तीन घंटे सडकेवर उभे राहिले तर मोहल्ल्यात कळेल ना." बस, एवढंच. ती माणसं तर त्यांना देव मानायला लागली. माझा नुसता जळफळाट.

मग ऑफिसात एक निनावी अर्ज गेला. फाटक अवेळी उघडतं, पिण्याच्या पाण्याला धोका आहे. चौकशी बसली. फाटक नऊला उघडू लागलं आणि माणसं बाहेर ताटकळली. त्यांच्यात आपले रघुवीरजीही होते. चौथ्या दिवशी त्यांच्या घरून भानुमतीवहिनी आल्या. सगळ्यांसमोर रघुवीरजींच्या हातातला डबा त्यांनी काढून घेतला आणि घरची वाट धरली. मी पंपहाऊसच्या खिडकीतून पाहत होतो. जयसिंगरावजींचं प्रमोशन अडकलं, सुपरिंटेंडेंट मी झालो.

तो अर्ज मी लिहिला होता.

अंबिकाताई, चिठ्ठी नका पाठवू, दोनच मिनिटं. जयसिंगरावजी, तुम्ही मान खाली का घालता? ती मी घालायची.

पुढच्या वर्षी माझाही निरोपसमारंभ आहे. एवढे लोक येणार नाहीत, मला ठाऊक आहे. आणि लाज वाटते सांगायला, पण आत्ताही ह्या भरलेल्या खुर्च्या पाहून माझ्या पोटात दुखतंच आहे.

पत्रिकेप्रमाणे हार मी घालायचा आहे. रघुवीरजी, तुम्ही मागे बसलाय, जरा पुढे या. हा तुम्हीच घाला.

सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. भाषणात काही कमीजास्त झालं असेल, तर तेवढं माफ करा. बाकीचं नका करू.