बोलोन्याच्या चर्चमधली पेटी

अगं, माझा इथल्या डेल्फ्ट विद्यापीठातला प्रबंध बोलोन्याच्या एका जुन्या चर्चवर आहे ना, ते दाखवायला सासूबाईंना इटलीला नेलं. आत मिट्ट काळोख. तरी माझं सुरूच, "आई, खालच्या गोल कमानी जुन्या, वरच्या टोकदार नंतरच्या..."

"मला काही दिसत नाही बाई," म्हणत त्यांनी खांबाजवळच्या पेटीत नाणं टाकून हात जोडले. ती नाणं टाकल्यावर दिवे लावणारी पेटी! अख्खं रंगवलेलं छत उजळलं.

"बघ! तू नुसता अभ्यास करत बसलीस, मला लगेच पावला!"

खरं सांगायचा मला धीरच झाला नाही. परवा डेल्फ्टच्या चर्चमध्येही त्यांनी दानपेटीत नाणं टाकलं, बराच वेळ वर बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे काही जागृत देवस्थान नाही गं."